मल्लूची आई

"थांबा की. आईला सांगून येतो."

दारात घोडे उभे, राजाचा सांगावा आलेला, आम्ही सगळे मोहिमेवर निघायच्या घाईत, आणि मामा हे वाक्य बोलणार म्हणजे बोलणारच. मी कपाळावर हात मारून घ्यायची. मामांवर त्याचा काडीचा परिणाम व्हायचा नाही.

घोडे खरे नव्हते, घाबरू नका. सोलापुरात भवानी पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही तिथं गोष्ट खेळतो. कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच सामान. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि जमेल की नाही असा प्रसंग आला की फासा टाकायचा. गोष्ट मी चालवते. दुकान माझं, फासे माझे, आणि स्वभावानं मी हुकूम सोडणारीच.

मामा नात्यातले नव्हेत; कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. वय पंचावन्नच्या पुढे, लग्न केलेलं नाही. एकदा कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला आले आणि टेबलावरचे फासे बघून तिथंच बसले. "ह्ये काय हाय?" म्हणाले. त्यानंतर दर रविवारी गाडीनं यायला लागले. येताना शेंगाचटणीची पुडी ठरलेली.

माझा एक नियम आहे. नवी गोष्ट सुरू करण्याआधी एक अख्खा रविवार पात्रांचं बालपण खेळायचं. आठ वर्षांचा हो, घरात काय दिसतं सांग, कुणाला घाबरतोस सांग. माणूस लहानपणी कळला की मोठेपणी कळतो. पण गंमत अशी की माझ्या दुकानात आजवर एकाही नायकाचे आईबाप जगले नव्हते. नर्स असलेल्या पद्माच्या धनुर्धारी पोरीचे आईबाप राक्षसानं खाल्ले होते. कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मुजीबच्या जादूगाराचे पुरात वाहून गेले होते. पोरक्या नायकाला मागे ओढणारं कुणी नसतं, गोष्ट सुसाट पळते.

मामांचा नायक मल्लू, मेंढरं राखणारा. मी विचारलं, "आईबाप कसे वारले?"

"बाप वारला. आई हाय की घरी."

"अहो, मग तो लढायला कशाला जाईल?"

"जाईल की. तिला सांगून जाईल."

मग त्या रविवारी मामा आम्हालाच प्रश्न विचारत बसले. "न्हाऊ घातल्यावर आई डोकं कसं पुसती हो?" तेलुगू घरातली पद्मा म्हणाली, "खसाखसा. कान लाल होतात मामा." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "आन् रागावली की?" माझी आई अक्कलकोटची, रागावली की कानडीत शिरायची. "सुम्ने कूडू!" म्हटलं की आम्ही भावंडं गप्प. तेही लिहिलं. मुजीबची अम्मी नमाज झाल्यावर पोरांच्या कपाळावर फुंकर घालायची. तेही. असं करत मल्लूची आई तयार झाली. बोलवायची तेलुगूत, रागवायची कानडीत, झोपताना कपाळावर फुंकर घालायची. अशी आई सोलापूरशिवाय कुठं मिळणार सांगा! आम्ही पोट धरून हसलो. मामाही हसले, पण वही नीट शर्टाच्या आत ठेवली.

काही महिन्यांनी मला गोष्टीत जोर आणायचा होता. मी शत्रूचं सैन्य मल्लूच्या गावावर घातलं. "मामा, गाव पेटलंय. आई घरात आहे. फासा टाका, वाचते का बघू."

मामांनी फासा उचलला आणि परत खाली ठेवला.

"न्हाय टाकणार."

"नियम आहे मामा."

"आसंल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी आठ म्हैन्यांचा होतो तवा माझी आई गेली. फोटो बी न्हाय. चुलतीनं वाढवलं, वाईट न्हाय वागली, पर तिची सहा पोरं हुती. ही एकच आई हाय मला. तुमी तिघांनी करून दिल्याली. तिच्यावर फासा न्हाय टाकायचा."

पद्मा रडायला लागली. मी आयुष्यात आपलं म्हणणं मागं घेतलेलं नाही, नवऱ्याला विचारा. पण त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले. "कोण म्हणालं आई घरात आहे? ती केमला गेलीय. भावाकडं."

राजे-राक्षसांच्या त्या मुलुखात कुर्डुवाडीजवळचं केम कुठून आलं, देव जाणे. मामांनी मान वर केली.

"कंच्या गाडीनं?"

"सकाळच्या पॅसेंजरनं."

"मग जळू द्या घर," मामा म्हणाले. "घर काय, पुन्ना बांधू."

आईवाला नायक भित्रा निघेल असं मला वाटायचं. साफ चुकले. पुढे एका नदीवर आमच्या मागं शंभर घोडेस्वार लागले होते. मल्लू एकटा पुलावर उभा राहिला आणि आम्ही सगळे पलीकडे पोचलो. फासे सहा वेळा उलटे पडले, तरी मामा मागं सरले नाहीत. माझ्या टेबलावर असा माणूस खेळला याचा मला अभिमान आहे, आणि तो मी गिऱ्हाइकांनाही ऐकवते.

त्यांच्या शेवटच्या रविवारी आम्ही डोंगराच्या मोहिमेवर निघालो होतो. परतीची गाडी चुकायची वेळ आली तरी मामा उठेनात. "आईला सांगून घेतो." मल्लू केमला गेला. आईचं बोलणं नेहमी माझ्याकडे असायचं. मी विचारलं, "कधी येशील?"

"बघू की. तू जेवून घे. वाट बघू नगं."

आणि स्टेशनकडे पळाले.

गुरुवारी वर्कशॉपातून फोन आला. कामावरच छातीत कळ आली म्हणाले. आम्ही तिघं कुर्डुवाडीला जाऊन आलो.

त्यानंतरच्या रविवारी खेळायचं नाही असं ठरलं होतं, तरी सगळे आले. शेंगाचटणी नव्हती. पद्मा म्हणाली, "ताई, मल्लूच्या आईला कोण सांगणार?"

तेव्हा आम्ही खेळलो. पद्माची धनुर्धारी आणि मुजीबचा जादूगार केमला गेले. दारात उभं राहून त्यांनी तिला पुलाची गोष्ट सांगितली. शंभर घोडेस्वार, उलटे पडलेले फासे, सगळं. मुजीब म्हणाला, "अम्मा, तुमचा पोरगा नसता तर आम्ही नसतो." मी आई होते, मला ऐकून घ्यावं लागलं. ऐकता ऐकता माझी मान ताठ झाली. पण मल्लू आता येणार नाही, हे दोघांनाही सांगवेना.

मी शहरातली मराठी बोलते. त्या दिवशी मात्र तोंडून मामांचीच आली.

"ठावं हाय मला," मी म्हणाले. "सांगून गेला की."