घासभरानं काय होतंय

बारामतीच्या एमआयडीसीतल्या जपानी हॉटेलात माझ्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारा नातीला घेऊन बसला होता. काळ्या सॉसच्या वाटीवर त्यानं पालथा हात ठेवला होता. "ह्यात गहू हाय का?"

वेटर आत विचारून आला. "आहे. पण थेंबभरानं काय होतंय, आबा?"

म्हाताऱ्यानं वाटी लांब सारली. "हिच्या आईलाबी गहू सोसायचा न्हाय. माहेराला आली की मीच पुरणपोळी वाढायचो. घासभरानं काय होतंय, म्हनायचो. गेली ती."

वेटर वाटी घेऊन गेला. पोरगी नुसता भात खात राहिली. आमच्याकडं आग्रह झाल्याशिवाय पंगत उठत नाही. म्हातारा तिला एकदाही 'अजून घे' म्हणाला नाही.