सिद्धूच्या रेकॉर्डी आणि अण्णा

आमच्या कंपूत मिक्स कमी आणि किस्से जास्त तयार होतात. मिक्स नाही आवडला तर डिलीट तरी करता येतो. किस्से मात्र टपरीवर परत परत वाजतात! कंपू म्हणजे आम्ही तिघंच. सिद्धू दोन टर्नटेबलवर रेकॉर्डी हातानं पुढंमागं ओढून बीट उभा करतो. त्याच्या मिक्समध्ये गाणं नसतं, नुसतं संगीत. स्पीकर इरफानचे. मी व्हिडिओ काढतो आणि विचारलं तर कौतुकही करतो. आता शहरात बरीच पोरं हे करतात. तेव्हा सिद्धू एकटाच होता.

*

देवगाव रंगारीचे एक मामा भाच्याच्या वरातीला डीजे ठरवायला आले.

सिद्धू म्हणाला, "मी तसला डीजे नाय मामा. मी रेकॉर्ड हातानं फिरवतो."

मामांना खरंच वाईट वाटलं. "का? मोटर जळाली व्हय?"

इरफान म्हणाला, "मोटर अच्छी है मामू, छोकरा बिगड्या है!"

मामा चहा पिऊन गेले.

*

आवाज नेमका कुठं सुरू होतो ते कळावं म्हणून सिद्धू रेकॉर्डवर बारकं स्टिकर लावतो. पहिल्या कार्यक्रमाच्या सकाळी त्याच्या आईनं सगळी स्टिकरं काढून टाकली. पोराचं सामान चकाचक दिसावं, एवढीच त्या माउलीची इच्छा!

"लई चिकट होती रे. खोबरेल लावून काढली."

दुपारभर आम्ही तिघं रेकॉर्डी पुसत होतो.

*

कार्यक्रम क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये होता. खुणा नव्हत्या, म्हणून पठ्ठ्यानं कानाच्या भरवशावर वाजवलं, आणि झकास वाजवलं. वीस मिनिटांनी संयोजक स्टेजवर आले.

"टेस्टिंग झालं असेल तर सुरू करा."

"सर, कार्यक्रम झाला."

हार मात्र त्यांनी घातला.

*

सिद्धूचे वडील, अण्णा, करमाडचे. तीस वर्षं गायन पार्टीत बाबासाहेबांची गाणी गातात. हॉलमधून ते पाचव्या मिनिटाला उठून गेले होते.

"शब्दच नाय, तर लोकांनी घरी काय न्यायचं?" त्यांनी मला विचारलं.

पुढच्या वेळी इरफाननं शक्कल लढवली. अण्णांना रांगेच्या मधोमध बसवलं. अण्णांनी बारा माणसं उठवली, प्रत्येकाला जय भीम केला आणि निघून गेले!

आम्ही हसलो. सिद्धू हसला नाही. त्याला टाळ्या नको होत्या, व्हिडिओ नको होते. अण्णांनी एकदा शेवटपर्यंत बसावं, एवढंच हवं होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

*

मग करमाडलाच, विहारासमोर, अण्णांच्या पार्टीनंतर सिद्धूला अर्धा तास मिळाला. स्पीकर लावताना इरफान पुटपुटत होता, "आज मार खाते अपन."

अण्णा गाऊन खाली उतरले, घाम पुसला आणि सतरंजीवर पुढंच बसले. पाच मिनिटं झाली. मी घड्याळ बघितलं. दहा झाली. सिद्धू मान वर करायला तयार नव्हता.

पंधराव्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, "अय, नुसतंच काय वाजवतोय? गाणारा कुठंय?"

सिद्धूचा हात रेकॉर्डवर थांबला.

अण्णा बसल्या जागी मागं वळले.

"गाणारा मी हाय. मी गप बसून ऐकतोय, तू बी बस!"