बेसमेंटमधला उडता माणूस

कॅनडात, एटोबिकोतल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात, माझा नवरा दिवसभर घरात करतो तरी काय, असा मला प्रश्न पडू लागला. नोकरी मला आधी लागली होती. तो नागपूरचा इंजिनिअर, पुलांची कामं केलेला, आणि इथं जो तो त्याला कॅनेडियन एक्सपिरियन्स विचारत होता. अर्ज करून करून तो गप्प झाला होता. नागपूरला भावाशी फोनवर बोलताना हल्ली आवाज खाली आणायचा. विमानतळ जवळच होता; डोक्यावरून विमान गेलं की हा बोलता बोलता थांबायचा. मला इथं एकटीला ठेवून हा परत जाणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. सरळ विचारायची मात्र छाती होत नव्हती.

एका शनिवारी दुपारी मी ग्रोसरी घेऊन लवकर परतले, तर साहेब व्हिडिओ गेम खेळत बसलेले. आम्ही बेसमेंट भाड्यानं घेतलं होतं आणि घरमालकांनी त्यात जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला गेम तसाच सोडला होता. पडद्यावर घट्ट कपड्यांतला एक माणूस उंच इमारतीच्या कठड्यावर उभा होता.

"हे रोज चालतं?"

"रोज कुठं! बस, खेळून तर पाह्य."

कंट्रोलर माझ्या हातात आला. "जायचं कुठं?"

"कुठंही. अख्खं शहर मोकळं आहे."

हेच मला खटकलं. कुठंही जा, काहीही कर, कोणी विचारणार नाही, असं कोणी म्हटलं की मी आधी पर्स सांभाळते. मी गच्चीवरून खाली उतरायला जिना शोधू लागले.

"अगं, तो उडतो!"

"उडत असेल. पडला तर?"

शेवटी बटण त्यानंच दाबलं. मी डोळे मिटून घेतले. माणूस धपकन रस्त्यावर उतरला, रस्ता फुटला आणि त्याला साधं खरचटलंही नाही. यात नक्की काहीतरी गोम होती.

थोडं पुढं गेले तर लाल सिग्नल. मी नुकतीच ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले होते, ती दुसऱ्या खेपेला. मी थांबले.

"काय करून राहिली तू? सुपरहीरो आहे तो!"

"म्हणून काय झालं? पोलिस दंडाचं तिकीट देईल ना!"

नवरा पोट धरधरून हसला. कित्येक आठवड्यांत तो असा हसला नव्हता. मला बरं वाटलं, आणि लगेच शंका आली. जायचं पक्कं झालं की माणूस असाच मोकळा होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बाई ओरडली. चोर तिची बॅग घेऊन पळत होता. मी दिसतील ती बटणं दाबली आणि कसा कोण जाणे, चोर आडवा झाला. "थँक यू! तुमच्याशिवाय आमचं काय झालं असतं!" बाई इंग्रजीत म्हणाली. नवऱ्यानं ते वाक्य तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हटलं. त्याला ते पाठ होतं.

 आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना थँक्यू म्हणत नाहीत. ते पाहुण्यांसाठी, परक्यांसाठी. रोज सकाळी अंधारात उठून हा माझ्या गाडीभोवतीचा बर्फ फावड्यानं शोव्हल करायचा, डबा भरायचा, आणि मी नुसतं "येते" म्हणून निघायचे. कंट्रोलर मांडीवर ठेवून मी म्हटलं, "थँक्यू. रोज गाडी काढून देतोस, डबा करतोस."

त्याचं हसू मावळलं. 

"असं परक्यासारखं काऊन बोलून राहिली?" मग हळूच म्हणाला, "मला परत पाठवायचं ठरवलं का तू?"

"मी? अरे, मला वाटत होतं तूच चाललास! मग भावाशी एवढं हळू काय बोलतोस?"

"तो रोज विचारतो, नोकरी लागली का म्हणून. 'नाही' हे तुला रोज रोज ऐकू जाऊ नये, म्हणून हळू बोलतो."