गरम मापलेलं कडं

"हलवू नको रे त्याला. नुसतं बोट फिरव. हलवायची वस्तू आहे का ती?"

"हलतंय म्हणून हलवतोय."

"काय हलतंय?"

"नाक."

टर्नर जवळ सरकला. फिटरनं यान कानाशी नेलं आणि खुळखुळ्यासारखं पुन्हा हलवलं. आतून बारीक टकटक आली. फिटरच्या डोळ्यांना आता माणूस आणि खांब यांतला फरक नीट कळत नव्हता, पण कान आणि बोटं शाबूत होती. त्यानं सांध्यावरून नख ओढलं. नख अडलं.

यान म्हणजे हातभर लांबीचं, मधे फुगीर, मागं चार धुराडी असलेलं ॲल्युमिनियमचं धूड. असलं काही आभाळात उडत नाही. उडालं ते या दोघांच्या डोक्यात, कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. एकानं लेथवर जन्म काढला, दुसऱ्यानं कानशीवर. डबा संपला की फिटर एका पत्र्यावर खडूनं यान काढायचा. टर्नर म्हणायचा, नाक एवढं निमुळतं केलंस तर टूल कुठून घालू, तुझ्या टाळक्यातून? फिटर पुसायचा, परत काढायचा. साहेब दिसला की दोघं त्याच पत्र्यावर बूड टेकायचे, आणि मग दिवसभर यान पँटच्या बुडावर घेऊन हिंडायचे. कारखाना बंद पडला, पत्रा भंगारात गेला, यान तेवढं डोक्यात राहिलं.

टर्नरनं जुना छोटा लेथ आणून मागच्या खोलीत बसवला, तेव्हा बायको होती. ती म्हणाली, सवतच आणायची होती तर जरा हलकी बघायची, फरशी खचली की. पुढं बायको गेली. फरशी अजून तशीच आहे. शेजारपाजारचे कुणी पंपाचा बुश, कुणी फाटकाची बिजागरी घेऊन येतात, काम झालं की जातात. स्वयंपाकाला आपला हात जगन्नाथ. भाजी इतकी तिखट की दारातलं मांजरही वास घेऊन पुढं सरकतं. बोलायचं तर लेथशी, आणि लेथ एकच गोष्ट किती वेळा सांगणार.

माणूस म्हणून येणारा एकटा फिटर. काठी आपटत यायचा, यानाचा नवा तुकडा हातात घेऊन चाचपायचा, खोड काढायचा, चहा प्यायचा आणि जायचा. त्यानं खोड काढली की टर्नर शिव्या द्यायचा आणि तो गेला की तुकडा पुन्हा लेथवर चढवायचा. अशानं यान पुरं व्हायला वर्षं गेली, पण घाई कुणाला होती?

घाई झाली ती फिटरच्या मुलानं दुसऱ्या शहरात घर घेतलं तेव्हा. बाप एकटा नको, बरोबर चला, असं ठरलं. यानही फिटरबरोबर जाणार, हे कुणी कुणाला सांगितलं नाही, पण दोघांना माहीत होतं. राहिलं होतं फक्त नाक आणि धड जोडणारं पितळेचं कडं. टर्नर ते लेथवर कातत असताना मुलाचा फोन आला, की परवा नाही, उद्या सकाळीच निघतोय.

टर्नरची एक रीत होती. कातून झालं की जॉब, म्हणजे हातातला तुकडा, तसाच सोडायचा, हात धुवायचे, चहा टाकायचा आणि मगच माप घ्यायचं. कातताना धातू तापतो, तापला की फुगतो. गरम माप म्हणजे दारुड्याची शपथ, असं तो मशिनला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. त्या दिवशी मात्र त्यानं उभ्या उभ्या मायक्रोमीटर लावला. माप तंतोतंत आलं. ऊन ऊन कडं नाकाच्या आत गच्च बसलं. त्यानं यान पुसून फडक्यात बांधलं. कडं आपलं सावकाश निवलं, केसभर आकसलं आणि नाक त्यावर सैल पडलं.

"गरम मापलंस," फिटर म्हणाला. विचारलं नाही.

टर्नरनं आधी पितळेला नावं ठेवली, मग मायक्रोमीटरला, मग दिव्याला. फिटरनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी टर्नर म्हणाला, दोन थेंब चिकटवणाचे टाकतो, कुणाच्या बापाला कळणार नाही.

"माझ्या बोटांना कळेल ना. तिथं दिवसभर हेच घेऊन बसणार आहे मी. दुसरं काय आहे मला?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलगा आत आला, यान बघून म्हणाला, काका, किती सुरेख झालंय, द्या की असंच. दोघा म्हाताऱ्यांनी चहात मीठ घालणाऱ्याकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं. तो गाडीत जाऊन बसला.

"मग नको नेऊस," टर्नर म्हणाला. "राहू दे इथंच. आंधळ्याला काय करायचंय यान."

बोलून गेला आणि हातातलं फडकं उगाच झटकत राहिला. फिटरनं रागही धरला नाही. त्यानं नाक पिळून कड्यावरून ओढून काढलं, आपल्या पिशवीत टाकलं आणि बाकीचं टेबलावर ठेवलं.

"धड ठेव तू. नाक मी नेतो. कडं नवं कर."

"नाकाशिवाय माप कशाचं घेऊ, तुझ्या नाकाचं?"

"धडाकडची बाजू इथंच बसवून बघ. नाकाकडची केसभर जाड ठेव. कानस नेतोय मी बरोबर. तिथं बसवू."

"म्हणजे एवढ्या लांब मी यायचं?"

"नाहीतर बस बिननाकाचं घेऊन."

काठी आपटत तो निघाला. टर्नरनं दारापर्यंत हात धरला, गाडीत बसताना डोकं आपटू नये म्हणून वर तळवा धरला. गाडी कोपऱ्यावर वळली तशी गल्लीत शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या तेवढ्या राहिल्या.

आत येऊन त्यानं पितळेच्या तुकड्यांचा डबा उपसला. बेताचा एक निघाला. तो बाजूला ठेवतोय तोच भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, काका, बुश झाला का, सकाळपासून पाणी नाही घरात.

"दुपारी ने," टर्नर म्हणाला. मग डब्याचं झाकण लावत, "चारसहा दिवसांनी मी गावाला जाईन म्हणतो. घरावर लक्ष ठेवशील?"

"तुम्ही? तुमचं कोण आहे गावाला?"

"काम आहे."

पंपाचा बुश त्यानं चकाच्या जबड्यात धरला, किल्लीनं आवळला आणि लेथ चालू केला.