हातातले दोन राजे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माझ्या मुलाला माघार घेताच येत नाही, ही काळजी मला झोपू देत नाही. परवा पोकरमध्ये त्याच्याकडे दोन राजे होते आणि टेबलावरची सगळी पानं त्याहून लहान. तरी एरवी हात आखडता घेणारे शिंपीकाका बोली वाढवतच राहिले.

"काका उगाच पेटत नाहीत रे, पानं टाकून डाव सोड," मित्र म्हणाला.

यानं सगळा पगार लावला. पोकरमध्ये तीन सारखी पानं जोडीपेक्षा भारी; काकांच्या तीन सत्त्यांनी राजांना धूळ चारली.

घरभाड्याचं काय, असं सुनेनं विचारलं, तर म्हणे, "पानं माझीच भारी होती!" ती माहेरी निघून गेली.

"तिला फोन कर," मी म्हटलं.

"मी का नमू, आई?"

सकाळी मीच करीन. परत ये म्हणायला नव्हे. तुझं काही चुकलं नाही, एवढंच सांगायला.