मावशी गप्प बसल्या तेव्हा

तळेघरच्या शाळेत नोकरीला होते तेव्हा शेजारच्या मावशी रोज सकाळी माझ्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या. आत कधी यायच्या नाहीत, चहाही तिथंच घ्यायच्या. टेकल्या की सुरू. "बाई, पोरीला लई गुंडाळू नका. त्या पत्र्याचं भोक आतून न्हाई बुजायचं, वरून डांबर लावा. अन् बिस्किटं कसली देता, नाचणीची पेज पाजा." नवरा पुण्याला, पदरात वर्षाची मुलगी, वर गळकं छप्पर. मी इतकी दमलेली असायचे की नुसतं "हो" म्हणायचे आणि करायचे काहीच नाही.

त्या पावसाळ्यात मुलीला ताप भरला. मावशी आल्या आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. झबलं वर करून त्यांनी तिची छाती पाहिली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मावशी काहीच बोलल्या नाहीत. मुलीला घोंगडीत घेऊन त्या थेट रस्त्यावर गेल्या आणि भीमाशंकरहून उतरणाऱ्या जीपसमोर उभ्या राहिल्या. ड्रायव्हर ओरडला तरी हलल्या नाहीत. घोडेगाव येईपर्यंत मुलगी त्यांच्याच मांडीवर होती आणि त्या गप्पच होत्या. तापापेक्षा मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटत होती.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी भुकेनं रडायला लागली. बाकावर पेंगणाऱ्या मावशींनी डोळे उघडले.

"बाई, ते टोपडं काढा आधी. किती येळा सांगायचं?"

मी टोपडं काढलं, आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.