यातला ट्रम्पेट कुठला?

माझा नवरा हॉटेलातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्याच्या आवडत्या जॅझ-रॉक बँडचे सगळे अल्बम घरात आहेत. त्यांत गिटारपेक्षा ट्रम्पेट-सॅक्सोफोनच पुढे धावतात. मोठ्या आजारपणानंतर काल त्याने पहिल्यांदा त्यातली रेकॉर्ड लावायला सांगितली. वाद्यं उसळली, पण एरवी मांडीवर नाचणारी त्याची बोटं हलेनात.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय गं. पण यातला ट्रम्पेट कुठला?"

माणूस समोर बसलेला असतो आणि त्याच्या आतलं काय निघून गेलंय, ते असं एखाद्या प्रश्नातून कळतं. मलाही ट्रम्पेटचा आवाज ओळखता येत नव्हता. तरी त्याचा हात धरून म्हटलं, "हा काय, आत्ता वाजतोय तो."

त्याने विश्वासाने मान हलवली. रेकॉर्ड थांबल्यावर तो आणखी काय विचारेल, या भीतीने मी लगेच दुसरी बाजू लावली.